किटलीचा खोटा अर्थ

चोरलेला कोश टेबलावर उताणा पडला होता आणि प्रकाशनाचे मालक त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत होते.

"चोरी झालीय एवढं दाखवा, मग पुढचं मी बघतो," ते म्हणाले. "वकील तयारच आहेत."

कोशताईने पान उलटलं. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द, त्यांचा कोशातला अर्थ आणि पोरंटोरं बोलताना वापरतात तो अर्थ. या कामात तिची नऊ वर्षं गेली होती. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, भाच्यांच्या खोलीबाहेर ती कान टवकारून उभी राहायची आणि ऐकलेला अर्थ विसरू नये म्हणून तळहातावर लिहून घ्यायची. तिचा कोश बाहेर पडून दीड वर्ष झालं होतं. हा दुसऱ्या प्रकाशनाचा, आजच बाजारात आलेला, गुळगुळीत कागदाचा.

'सिक' : आजारी, बोलण्यात, भन्नाट. उदाहरण, दादाची नवी सायकल सिक आहे. ती सायकल तिच्या थोरल्या भाच्याची. 'सॉल्टी' : खारट, बोलण्यात, हिरमुसून चिडलेला. उदाहरण, पत्त्यांत हरली की मावशी सॉल्टी होते. ती मावशी म्हणजे ती स्वतःच.

"यांनी तर मलासुद्धा उचलून नेलंय," ती म्हणाली.

"शब्द काय, सगळ्यांचेच असतात," मालक म्हणाले. "उदाहरणं योगायोगाने जुळली म्हणतील. तुम्ही मागे म्हणाला होतात ना, चोर पकडायला सापळा लावलाय? तो दाखवा."

शेजारच्या खुर्चीत मास्तर बसले होते. या कचेरीत तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. तिला एकेका शब्दाची कार्डं लिहायला शिकवलं तेही त्यांनीच. तिचा कोश हे त्यांचं शेवटचं काम, त्यानंतर ते निवृत्त झाले. आज साक्षीला हवेत म्हणून मालकांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

सापळा म्हणजे एक खोटी नोंद. कोश करणारे अशी एखादी पेरून ठेवतात. खरे अर्थ कुणालाही सापडतील, खोटा मात्र नक्कल करणाऱ्याच्याच पुस्तकात निघतो. तिने 'टीपॉट' निवडला होता. चहाची किटली, बोलण्यात, एकच गोष्ट दहादा सांगणारा माणूस. असं जगाच्या पाठीवर कुणी कुणाला म्हणत नाही. मालकांनाही तिने शब्द सांगितला नव्हता. मास्तरांना मात्र सांगावाच लागला, कारण मुद्रितात त्यांनी त्याच्यावर लाल काट मारली होती. खोटं छापायला ते मुळीच तयार नव्हते. तिने दोन दिवस गळ घातली, तेव्हा कुठे कुरकुरत त्यांनी ती काट खोडली.

तिने भराभर पानं उलटली. 'टीम' होता. लगेच खाली 'टिअर'. तिने बोट फिरवून पुन्हा पाहिलं. मधला 'टीपॉट' नव्हता.

"नाही?" मालकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आपली केस बोंबललीच की! थांबा, वकिलांना सांगतो." ते फोन घेऊन बाहेर गेले.

ताईला आधी वाटलं, छापताना नोंद गळली असेल. मग ती शेजारच्या खुर्चीकडे वळली. घरातलं सगळं सोनं न्यायचं आणि खोटा दागिना तेवढा जागेवर ठेवायचा, हे परक्याला जमत नाही.

"मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही?"

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"वर्षभर घरी बसून औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचत होतो मी. या कोशवाल्यांनी बोलावलं, टेबल दिलं, दिवा दिला. म्हणाले, सोबत काहीतरी घेऊन या. माझ्याकडे तुझ्या मुद्रितांशिवाय होतं काय?"

"मला विचारायचं तरी!"

"तू दिलं नसतंस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. याच माणसाने तिचं पहिलं कार्ड तीनदा परत केलं होतं आणि चौथ्यांदा पाठीवर थाप मारली होती. त्या थापेवर तिने नऊ वर्षं काढली होती. आता कोर्टात दाखवायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि मास्तरही उरले नव्हते.

"टीपॉट राहू द्यायचा होता," ती कशीबशी म्हणाली. "पुरावा मिळाला असता. आणि तुमचा मला जन्मात संशय आला नसता."

मास्तरांनी चष्मा चढवला. तिने पुन्हा पहिलं कार्ड चुकवलं असावं, तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"एकदा छापलं खोटं, पोरी, ते तुझ्याखातर," ते म्हणाले. "त्या परक्या लोकांसाठी कशाला छापू?"