साडेपाच गुण

फोन वाजला तेव्हा तिच्या हातात हत्ती होता आणि तो कुठे ठेवावा हे काही ठरत नव्हतं. पलीकडे बुद्धिबळ संघटनेचे सचिव. ते दुसऱ्या शहरात राहायचे, ओळख सगळी फोनवरचीच.

"वहिनी, मोजणीदार कसे आहेत?"

"आता त्रास नाही," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याला सगळे मोजणीदारच म्हणायचे. लोकांच्या जमिनी मोजण्यात उभी हयात गेली, पण जीव सगळा पटावर. रेटिंग मात्र दोन हजाराला टेकेल तर शपथ! दरवेळी जवळ जायचं आणि कुठल्या तरी शाळकरी पोराकडून हरून खाली यायचं. एकदा दोन हजार होऊ दे, मग खुशाल मरतो, असं ते भर जेवणात म्हणायचे. तिचा घास तोंडातच फिरायचा. मेलं ते रेटिंग, ती म्हणायची.

आजारपणात स्पर्धा सुटल्या. उरला हा एकच डाव, ईमेलने चाललेला, लांबच्या गावातल्या एका निवृत्त दंतवैद्याशी. यांचं रेटिंग एकोणीसशे चौऱ्याण्णव. दंतवैद्य थोडा वरचढ, म्हणून त्याला हरवलं तर साडेपाच गुण. म्हणजे दोन हजाराला अर्धा कमी, आणि अर्धा आला की संघटना वरचा आकडा धरते. नुसते पाच मिळाले असते तर गाडं पुन्हा नव्व्याण्णववरच अडलं असतं. हा हिशेब त्यांनी तिला इतक्यांदा ऐकवला होता की तो तिला तोंडपाठ झाला.

त्यांची बोटं थरथरायला लागली तेव्हापासून चाली टाइप करायचं काम तिच्याकडे आलं. पट त्यांच्या पलंगाशेजारी, स्टुलावर. मध्ये एकदा डाव पार ढासळला. "गेला हा. हरलो म्हणून कळव," भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले. तिने मान हलवली आणि कळवलं नाही. पुढे डाव हळूहळू सावरला. घोडा आत घुसला, आणि दंतवैद्याच्या राजाला पळायला जागा उरली नाही.

आज सचिव आडून आडून बोलत होते. शेवटी त्यांनी सांगून टाकलं. दंतवैद्य उन्हाळ्यातच वारले होते. नंतरच्या चाली त्यांची बहीण पाठवत होती. भावाचा डाव अर्धा राहू नये, एवढंच तिच्या मनात. पण समोरचा माणूस आजारपणातही खेळतोय आणि आपण त्याला फसवतोय, हे तिला सहन होईना. काल तिने स्वतःच फोन करून सगळं कबूल केलं. खूप रडली म्हणे.

इकडे तिने हातातला हत्ती पटाशेजारी ठेवला. "मग डाव रद्द?"

"छे. खेळाडू गेला त्या दिवशीची मांडणी धरायची, पुढच्या चाली पुसून टाकायच्या आणि पंचांनी निकाल द्यायचा, असा नियम आहे आपला. पंचांनी पाहिलं. वहिनी, आपला डाव तेव्हाच जिंकलेला होता. मोजणीदारांचे दोन हजार झाले."

ती पलंगाच्या कडेवर बसली. डोळे भरून आले. उद्या यादी लागणार, त्यात त्यांच्या नावापुढे तो आकडा असणार. कुणी काही विचारणार नव्हतं. आभार मानून फोन ठेवला की झालं. पण त्या अनोळखी बहिणीचं रडणं तिच्या मनातून जाईना.

"त्यांना द्या ना फोन," सचिव म्हणाले. "माझ्या तोंडून ऐकू देत."

दंतवैद्य नेमके कधी गेले, असं तिने विचारलं. मे महिन्यात, सचिव म्हणाले.

"मग तुम्हाला आणखी मागची मांडणी काढावी लागेल," ती म्हणाली. "हे एप्रिलमध्येच गेले."