अर्धी जुळणी

ताईने दुकानाच्या पायरीवरूनच सांगून टाकलं, की बसायला नाही, मागायला आलेय.

धाकटा भाऊ सायकलचं पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडून त्याने हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं. कित्येक वर्षांनी बहीण दारात उभी होती, तीही नाक मुठीत धरून.

ताईची लेक भिंगरी रांगत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या अंगावर निळे डाग उठायला लागले आणि डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. हा शहाणा भाऊ सासरच्या सगळ्यांसमोर बोलून गेला, आमच्या आईला व्हायचं, ताईलाही होतं. प्लेटलेट कमी असण्याचा दोष आईकडून लेकीत आला, हे पुढे तपासणीत निघालंच. पण सासूच्या हाती आयतं कोलीत मिळालं ते याच्यामुळे. त्या दिवसापासून ताईने भावाचं नाव टाकलं.

पोरीचं नाव भिंगरी आणि तिला पळायची बंदी. ताई तिच्या पायजम्यांच्या गुडघ्यांना आतून स्पंज शिवायची. घोळणा फुटला की रक्त थांबता थांबायचं नाही. मग प्लेटलेटची पिशवी. अलीकडे पिशव्याही लागू पडेनाशा झाल्या होत्या. आता दुसऱ्याचा बोन मॅरो देणं एवढी एकच वाट उरली होती. ताईचा स्वतःचाच सदोष, नवऱ्याला जुनी कावीळ. रक्ताच्या नात्यातली अर्धी जुळणीही चालेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ताईला नाइलाजाने भाऊ आठवला.

तो आढेवेढे घेईल, जुनं उकरून काढेल, असं तिला वाटलं होतं. त्याने नुसतं शटर ओढलं.

हॉस्पिटलात नर्सने डावा हात मागितला, तर याने उजवा पुढे केला. डावीकडची शीर दगा देते म्हणाला. त्याच्यात दोष निघाला नाही आणि अर्धी जुळणीही निघाली. त्या दिवशी ताई पोटभर जेवली. भिंगरीने विचारलं, बरी झाल्यावर पळू का. ताई म्हणाली, पळ की, मामाला चांगला दमव. इतकं हलकं तिला लेक झाल्यापासून वाटलं नव्हतं.

आठवड्याने डॉक्टरांनी दोघांना बोलावलं.

मॅरो उत्तम आहे, ते म्हणाले, पण मुलीचं शरीर तो टिकू देणार नाही. तिच्या रक्तात नेमक्या मामाविरुद्धच अँटीबॉडीज झाल्या आहेत, आणि औषधांनी उतरतील इतक्या थोड्या नाहीत. दुसरा दाता मिळेपर्यंत थांबायला तिच्या हातात तेवढे दिवस नाहीत.

"असं बहुधा तेव्हा होतं, जेव्हा त्याच माणसाच्या प्लेटलेट पुन्हा पुन्हा दिलेल्या असतात," ते म्हणाले. "म्हणूनच आम्ही नातेवाइकांच्या घेत नाही."

"मग तुमची तपासणी चुकलीय," ताई म्हणाली. "माझ्या लेकीला दिलं ते परक्यांनी. हा तर इकडे फिरकलासुद्धा नाही."

डॉक्टरांनी भावाकडे पाहिलं.

"रक्तपेढीत दर वेळी विचारायचे, ही मुलगी तुमची कोण," तो म्हणाला. "मी सांगायचो, कोणी नाही."