मानेखालचा आकडा

कंपनीने माझ्या काळातली इलेक्ट्रिक गिटार पुन्हा काढायची ठरवली आणि पाच नमुने माझ्यापुढे ठेवले.

"काका, जुन्या कारागिरांपैकी तुम्हीच उरलात. हुबेहूब जमलीय का, तेवढं सांगा," इंजिनियर म्हणाला.

हुबेहूब म्हणे! कडा धारदार, पॉलिश जाड. नाक मुरडतच मी पहिलीचे स्क्रू काढले आणि तिची मान धडापासून सोडवली.

सांध्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'चिमणी, ७'. अक्षर माझंच.

लेकीच्या दर वाढदिवशी मी हातातल्या गिटारीच्या सांध्यात तिचं वय लिहायचो. शेवटचं सहा. ती गेली आणि त्यानंतर मी सांधे कोरेच ठेवले.

"हे कोणी लिहिलं?"

"काका, मशीनवरून थेट तुमच्याकडे आलीय. कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

दुसरीत आठ. तिसरीत नऊ. लेक माझ्यासमोर मोठी होत होती. डोळे भरून आले, पण हात थांबेना.

चौथीतलं अक्षर माझं नव्हतं. शाळकरी वळणाचं, जपून काढलेलं: 'बाबा, ७२'.

आजच मला बहात्तर पूर्ण झाली होती.

मी पाचवी उघडली. सांधा कोरा होता.