पारणं

“हा भुकेचा प्रश्न काढून टाक,” तिचे पीएचडीचे मार्गदर्शक पद्मनाभ सर म्हणाले. व्रतंवैकल्यं करणाऱ्या बायका झाडून सगळ्या ‘जेवण कमी झालंय’ म्हणणार, आणि तुझी चाचणी निम्म्या मैलापूरला आजारी ठरवणार. संयुक्ता हसली. तिने प्रश्न खोडला.

चाचणी शोधतानाच ती मेटाकुटीला आली होती. म्हाताऱ्या माणसांची उदासी मोजणारी ही चाचणी इंग्रजीत होती, तमिळमध्ये होती, पुण्याच्या मराठीतही होती. तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरांसाठी कुणी केलेली तिला सापडली नाही. मूळ लेखकाची परवानगी आली, तशी चेन्नईच्या आवडी उपनगरातल्या घरी ती अम्माला शेजारी घेऊनच भाषांतराला बसली होती. ‘निरुत्साह’ ऐकून अम्मा म्हणाली, असं कोण बोलतं गं, ‘मन लागत नाही’ म्हण. भुकेच्या प्रश्नापाशी मात्र ती जरा थांबली. “हा बरा आहे,” एवढंच म्हणाली.

पीएचडी हे निमित्त. अप्पा गेल्यापासून अम्मा वाळत चालली होती. विचारावं तर आज सोमवार, आज संकष्टी, आज एकादशी. देवाचं नाव पुढे आलं की लेकीचं तोंड बंद. संशोधनात हिची उत्तरं धरता येणार नव्हती. पण आपल्याला जे सांगत नाही ते ही चाचणीला तरी सांगेल, एवढीच आशा होती.

द्वादशीच्या संध्याकाळी तिने अम्माला समोर बसवलं. अम्मा पदर सावरून शाळेतल्या मुलीसारखी बसली. झोप? लागते. एकटं वाटतं? देव आहे की. जगण्यात गोडी? त्याची कृपा. एक उत्तर झालं की ती पुढच्या प्रश्नाकडे कान लावायची.

संयुक्ताने बेरीज केली. उदासी नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिने अम्माचा गालगुच्चा घेतला. “पास झालीस.”

“झाले सगळे प्रश्न?” अम्माने विचारलं.

“झाले.”

संयुक्ता कॉफी ठेवायला आत गेली.

ओट्यावर अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या पाल्याची जुडी पडली होती. एकादशीचा उपास सोडायला द्वादशीच्या सकाळी त्यांच्या घरी हीच भाजी लागायची. अम्माने रीतीप्रमाणे आणली होती. दोरा सोडलेला नव्हता. पानं माना टाकून काळवंडली होती. कुकर पालथा, कोरडा.

“अम्मा, पारणं केलं नाहीस?”

अम्मा दाराशी येऊन उभी राहिली.

“व्रत असतं तर पारणं केलं असतं, कण्णा,” ती हळूच म्हणाली. “तू भुकेचं विचारशील म्हणून वाट बघत होते. तेवढं एकच मी खरं सांगणार होते.”