भोगवढन

‘यंदाची सहल : सांची’ असं मोनाली मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि पालकसभेत कुजबुज सुरू झाली.

भोकरदनची शाळा, सातवीचा वर्ग. मुलांच्या बाकांवर तीसेक आयाबाप अवघडून बसलेले. पहिल्या बाकावरून शाळा समितीचे अध्यक्ष भागवतराव म्हणाले, “मॅडम, तुमची श्रद्धा हाये, बराबर हाये. पर तो स्तूप तुमच्या समाजाचा. आमच्या पोरांनी एवढ्या लांब जाऊन काय पाहायचं? दौलताबादला न्या.”

मागे बसलेल्या पुष्पाबाईंनी मान खाली घातली. त्या भागवतरावांच्याच रानात कापूस वेचायला जात. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती.

‘तुमचा समाज’ हे शब्द आठ वर्षांच्या नोकरीत मोनालीनं पुष्कळदा ऐकले होते. आजही ते लागले. खडू घेऊन तिनं फळ्यावर पाच अक्षरं काढली.

“हे काय काढून राह्यल्या?” भागवतरावांनी विचारलं. “हे छपरासारखं?”

“तो ‘ग’ आहे. जुनी ब्राह्मी लिपी. स्तूप अशोकानं बांधला, पण भोवतीचे दगडी कठडे पुढं लोकांनी दान देऊन उभे केले. ज्यानं दान दिलं त्याचं नाव, गाव दगडावर कोरलं. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस तिथं एकच शब्द शोधत होते.” तिनं एकेका अक्षराखाली बोट नेलं. “भो-ग-व-ढ-न. भोगवर्धन. आपल्या भोकरदनचं जुनं नाव. दोन हजार वर्षं झाली त्याला.”

कुणीतरी नीट पाहायला बाक पुढं सरकवला.

“दान देणारं कोन व्हतं?” मागून पुष्पाबाईंनी विचारलं. “राजा?”

“नाही मावशी. साधी माणसं. व्यापारी, भिक्खू. बायासुद्धा. कुणाची आई, कुणाची बायको.”

“मंग आपल्या गावची मान्सं तवाच जाऊन आल्ती की तिथं,” पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी आता मान वर केली होती.

मोनालीनं मोबाइलमधला त्या कोरलेल्या दगडाचा फोटो भागवतरावांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावला. दगडावरची अक्षरं फळ्यावरच्या अक्षरांशी एकेक करून ताडून पाहिली. पुन्हा पाहिली. मग फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला आणि उठून व्हरांड्यात गेले.

त्यांनी जालन्याला भावाला फोन लावला होता. व्हरांड्यातला आवाज वर्गात सगळ्यांना ऐकू येत होता.

“सांचीला आपल्या गावचं नाव कोरेल हाये. दगडात. म्या पाह्यलं ना आत्ता... न्हाई रे, राजाचं न्हाई. बिलकुल न्हाई. आपल्यातल्याच कोनाचं तरी.”