पोटाची तुकडी

भुईगावच्या घरी मंडळी जमली की तळ्यातला रोहू तळायचा मान थोरल्या सुनेचा, अनसूयेचा. यंदा सासूबाईंनी विळी धाकट्या रेवापुढे सरकवली. "हिच्या हाताला चव आहे हो!" अनसूयेचा जळफळाट झाला. समोरच लसूण सोलत ती बघत बसली. मासा चिरताना रेवाकडून कडू पित्ताची पिशवी फुटली आणि पोटाच्या एका तुकडीवर हिरवा डाग पसरला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. 'ती तुकडी टाकून दे,' एवढंच सांगायचं होतं. अनसूयेने ओठ मिटले. होऊ दे चारचौघांत फजिती! पंगतीत मात्र जो तो बोटं चाटत होता. रेवा जवळ आली. "ताई, पोटाची तुकडी खास तुमच्यासाठी राखलीय." पहिल्याच घासाला तोंड कडूजहर झालं. "कशी झालीय गं?" सासूबाईंनी विचारलं. कडू म्हटलं, तर सगळे म्हणतील, जळते. "छान," म्हणत अनसूयेने काटासुद्धा चोखला.