वाढत्या अंगाचं माप

ठमीनं उंबरठ्यावर बूड टेकलं ते टेकलंच. छातीभोवती निळा पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीचं टोक मुलीच्या मनगटाला. मुलगी गल्लीत उकिडवी बसून तिला पुचकारत होती, आणि ही आठ वर्षांची गलेलठ्ठ मांजर तिच्याकडं अशी बघत होती, जणू जन्मात कधी भेट नाही.

"ओढू नकोस तिला," आतून, शिलाई मशीनपाशी बसलेली आई म्हणाली.

ओढत नाहीये, मुलगी दातांवर दात धरून पुटपुटली.

अट आईचीच होती. मुलगी उद्या नोकरीच्या गावी निघायची होती आणि ठमीला बरोबर नेणार होती. तिथं जिन्यावरची एक खोली, ना अंगण ना ओटा. जन्मभर या शिलाईच्या दुकानाच्या दारात बसून येणाराजाणारा बघितलेलं जनावर, चार भिंतींत कोंडलं तर झुरून मरेल, असं आईचं म्हणणं. मग रोज दोरी लावून फिरवीन, मुलीनं सांगितलं. बरं, आई म्हणाली, आपल्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली तर खुशाल ने. सुटली, तर माझ्याजवळ राहील.

पट्टा मीच शिवते, हेही तिनं त्याच दमात सांगून टाकलं. त्यात वावगं ते काय? निम्म्या गावाचे कपडे तिच्या हातचे. तिचं माप चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. वर प्रत्येक शिवणीत आतल्या बाजूला दोन बोटं कापड दाबून ठेवायची. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. ते कापड कापून टाकणाऱ्या शिंप्याला ती शिंपी म्हणायलाच तयार नसे.

घरात ठमीला पट्ट्याची सवय झाली होती. पट्ट्यासकट जेवायची, पट्ट्यासकट झोपायची. बाहेरची गोष्ट वेगळी. शेवटी तिनं एक पाय खाली ठेवला, फरशी हुंगली, दुसरा पाय ठेवला. मुलीनं श्वास धरला. ठमी भिंतीला अंग घासत चालायला लागली. चपलांच्या दुकानापुढून गेली, बंद दवाखान्यापुढून गेली. कोपऱ्यावर दुधाची गाडी उभी होती. तिथवर पोचल्या की वळायचं, बस. आई मशीन सोडून दारात येऊन उभी राहिली होती. गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं तिनं मुठीत आवळून धरली होती.

दूधवाल्यानं रिकामं क्रेट गाडीत फेकलं. धाडकन आवाज झाला.

ठमी पुढं पळाली असती तर दोरीनं धरली असती. ती मागं सरली. मान खाली घातली, खांदे आवळले, आणि सैल सदरा काढावा तसा पट्टा तिच्या डोक्यावरून निघून आला. मुलीच्या हातात दोरी आणि पट्टा राहिला. मांजर गाडीखाली.

दूधवाला गाडीत चढून बसला होता. इंजिन सुरू झालं. मुलगी जागच्या जागी थिजली. आई अनवाणी धावत आली आणि गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. दूधवाला वैतागला. दूध नासलं तर भरून कोण देणार, बाई, वगैरे बरंच बोलला. आई हलली नाही, तेव्हा त्यानं गाडी बंद केली. हाक मारा आणि काढा लवकर, म्हणाला.

हाकेला ठमी येते थोडीच. ती मागच्या चाकाला चिकटून बसली होती, डोळे मोठे, कान मागं. पलीकडं मोठा रस्ता, भरधाव गाड्या. एक उडी की संपलं. आई डांबरावर पालथी झाली, गळ्यातला टेप काढला आणि त्याचं टोक गाडीखाली सोडून हळूहळू ओढायला लागली. मशीनखाली ठमी रोज याच टेपशी खेळायची. टेप सरसरत गेला, थांबला, पुन्हा सरकला. ठमीचा एक कान पुढं झाला. मग पंजा आला. मग सबंध ठमी.

आईनं तिला मानगुटीला धरून पोटाशी घेतलं.

घरात आल्यावर मुलीनं दार लावून घेतलं. पट्ट्यात हात घातला. बोटं गेली, तळवा गेला, अख्खी मूठ आरपार गेली.

"वाढत्या अंगाचं शिवलं होतं," आई म्हणाली.

"आठ वर्षांची आहे ती, आई. आता किती वाढणार?"

आई ठमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मुलीला राग आला होता, असा की तो बोलून दाखवायचीही भीती वाटत होती.

"सुटावी असं वाटत होतं मला," आई म्हणाली. "पण अशी नाही गं."

मुलगी पट्टा मशीनवर ठेवून म्हणाली, की ठरल्याप्रमाणे ठमी सुटलीय, आता ठेव तुझ्याजवळ. टोमणा नव्हता तो. खरंच ठेवून जायला निघाली होती ती.

आईनं पट्टा उसवला. ठमीच्या छातीला टेप लावला, सरळ, घट्ट, गिऱ्हाइकाला लावते तसा. मशीन खडखडलं. पट्टा ठमीला चढवून खाली बोट घातलं. एक गेलं, दुसरं कसंबसं. तिनं तो पुन्हा काढला, उलटा केला, कात्री उचलली आणि शिवणीच्या आत दाबलेलं कापड कडेकडेनं कापून टाकलं.

निळ्या चिंध्या खाली पडत होत्या आणि ठमी त्यांच्यावर झडप घालत होती.